क्योतोच्या गल्लीत भेटलेला हलवा

लेकीचं पहिलं बाळंतपण म्हणजे आईच्या जिवाला घोर. त्यात लेक असावी जपानात! डिंक, अळीव, सुंठ, बाळंतशेपा, खारकेची पूड, बाळाची दुपटी, लंगोट, काजळाची डबी असं सगळं बांधून मी ऑक्टोबरात मिरजेहून निघाले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका मला निरोप द्यायला आल्या होत्या. जणू मी काशीयात्रेलाच निघाले होते! मुंबईहून विमानाने ओसाका आणि तिथून आगगाडीने क्योतो. जावई तिथल्या विद्यापीठात संशोधन करतात. त्यांचं दोन खोल्यांचं घर विद्यापीठाच्या जवळच आहे.

नात झाली. सगळं सुखरूप पार पडलं. लेकीला मालिश, बाळाला न्हाऊमाखू, शेक-शेगडी यांत दोन-अडीच महिने कसे गेले कळलंच नाही. शेगडी कसली म्हणा, विजेचा हीटर! पण धुरी मात्र मी न विसरता दिली, आणि ती देताना घरातली आगीची सूचना देणारी घंटा वाजून जावयांची धावपळ झाली, ती गंमत पुन्हा कधीतरी सांगेन.

जानेवारी उजाडला आणि मला संक्रांत दिसू लागली. नातीची पहिली संक्रांत. काळं झबलं मी मिरजेहूनच शिवून नेलं होतं. बोरन्हाणाला बोरं मिळणार नाहीत हे मनाशी धरलं होतंच. त्याऐवजी छोटी संत्री घेऊ, कुरमुरे, शेंगदाणे घेऊ. पण हलवा? हलव्याचे दागिने? येताना आणायचे राहून गेले होते. ऑक्टोबरात आमच्याकडे हलवा तरी कुठे मिळतो?

"अनघा, हलव्याशिवाय कसलं गं बोरन्हाण?" मी म्हटलं.

लेक बाळाला थोपटत होती. ती हसली आणि म्हणाली, "आई, हलवा इथं मिळतो. आपल्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. पावणेदोनशे वर्षांचं जुनं दुकान आहे, आणि ते दुसरं काहीच विकत नाहीत."

मला वाटलं, पोरगी थट्टा करते आहे.

दुसऱ्या दिवशी बाळाला जावयांच्या स्वाधीन करून आम्ही दोघी निघालो. आधी क्योतोविषयी थोडं सांगते. हे शहर हजार वर्षांहून जास्त काळ जपानची राजधानी होतं. पूर्वेला डोंगर, मधून कामो नावाची नदी. आमच्या घराजवळ दोन नद्यांचा संगम आहे. तिथे पाण्यात कासवाच्या आकाराचे दगड मांडलेत, त्यांवरून उड्या मारत पोरंटोरं नदी ओलांडतात. थंडी अशी की बोटं बधिर व्हावीत. समोर एका डोंगराच्या उतारावर झाडं तोडून 大 असं एक भलंमोठं अक्षर कोरलंय. दर वर्षी १६ ऑगस्टला त्यावर आगट्या पेटवून पितरांना निरोप देतात. आपल्या सर्वपित्रीची आठवण झाली मला.

चौकाचं नाव ह्याकुमान्बेन. म्हणजे 'दहा लक्ष वेळा'. १३३१ साली क्योतोत साथीचा रोग पसरला होता. तेव्हा इथल्या चिओनजी देवळातल्या भिक्षूंनी बुद्धाचं नाव दहा लक्ष वेळा घेतलं आणि साथ ओसरली, अशी कथा आहे. त्यावरून देवळाला आणि चौकाला हे नाव पडलं. आपल्याकडे नाही का रामनामाचा कोटी जप करतात? त्याच देवळाच्या आवारात दर महिन्याच्या १५ तारखेला हाताने केलेल्या वस्तूंचा बाजार भरतो. विणलेले मोजे, मातीच्या वाट्या, घरची बिस्किटं, लोणची! पुष्कळ विक्रेत्या बायकाच असतात. मी तिथून सुनेसाठी एक कापडी बटवा घेतला.

चौकातून दोन गल्ल्या आत शिरलो. साधी घरं, दारात कुंड्या, सायकली. एका दारावर कापडी पडदा लोंबत होता. या पडद्याला तिथे नोरेन म्हणतात, आणि दुकानदारांच्या जगात त्याला फार मान. पडदा बाहेर लावला की दुकान उघडं, आत घेतला की बंद. एखाद्या पेढीची पतसुद्धा याच शब्दाने सांगतात. जुन्या विश्वासू नोकराला मालकाने स्वतःचं दुकान काढून दिलं, तर 'नोरेन वाटून दिला' असं म्हणायची पद्धत आहे.

दुकानाचं नाव र्योकुजुआन शिमिझु. शिमिझु घराण्याने ते १८४७ साली सुरू केलं. आज पाचवी पिढी ते चालवते. आणि ते विकतात एकच पदार्थ, कोन्पेइतो.

आत काचेच्या कपाटात बरण्या मांडलेल्या होत्या. मी वाकून पाहिलं, आणि मैत्रिणींनो, खोटं नाही सांगत, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पांढरा, गुलाबी, पिवळा, हिरवा. अंगभर काटे. हलवाच तो! आपला, संक्रांतीचा हलवा! आकाराने मात्र थोडा मोठा, वाटाण्याएवढा, आणि काटे बोथट पण एकसारखे.

पलीकडच्या खोलीतून सतत एक आवाज येत होता. सर्रर्र... सर्रर्र... समुद्राची लाट वाळूवरून मागे जाते ना, तसा. लेक म्हणाली, "आई, तो कोन्पेइतो फिरण्याचा आवाज. तिथं बाहेरच्यांना जाऊ देत नाहीत."

ते कसं करतात, हे लेकीने मला दुकानातल्या माहितीपत्रकावरून वाचून दाखवलं. दोन मीटरभर रुंद लोखंडी कढई. कढई म्हणण्यापेक्षा देवळातली मोठी झांज म्हणा. ती तिरपी बसवलेली असते आणि खालून आच देत ती सावकाश फिरवत ठेवतात. तिच्यात चिकट तांदळाची अर्ध्या मिलिमीटरची कणी टाकतात. या कणीला इरा म्हणतात. वरून साखरेचा पाक थोडा थोडा घालायचा. कणी फिरते, घसरते, वाळते. पुन्हा पाक. पुन्हा फिरवा. दिवसभरात दाणा वाढतो तो जेमतेम एक मिलिमीटर. एक घाणा पुरा व्हायला १६ ते २० दिवस लागतात. हवा दमट असेल, कोरडी असेल, थंडी असेल, तसा पाक पातळ-दाट करायचा, आच कमी-जास्त करायची. याची कुठेही लिहिलेली कृती नाही. कढईतला आवाज ऐकून ओळखायचं की आता पाक हवा की नको. कढई सांभाळायला शिकण्यात दहा वर्षं आणि पाक घालायला शिकण्यात दहा वर्षं जातात, असं त्या घरात मानतात. उन्हाळ्यात त्या खोलीत भट्टीसारखा उकाडा होतो.

आणि ही विद्या बापाकडून एकाच मुलाकडे जाते. त्याला जपानी शब्द आहे इश्शी-सोदेन, म्हणजे एकाच अपत्याला दिलेली विद्या.

मी तिथेच एका बाकावर बसले. लेकीला वाटलं, मला थंडी बाधली. थंडी नव्हती. मला माझी परात आठवली होती. म्हणजे माझी नाही, सासूबाईंची.

ते सांगण्याआधी हा काटेरी दाणा जपानात आला कुठून ते सांगायला हवं, कारण तिथे आपला एक धागा गुंतलेला आहे.

कोन्पेइतो हा शब्द मुळात जपानी नाहीच. तो पोर्तुगीज 'कोन्फेइतो'वरून आला. साखरेत घोळवलेल्या बियांना पोर्तुगीज असं म्हणत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांची गलबतं आपल्या गोव्याहून निघून मलाक्का, मकाव करत जपानला जात. व्यापारी जात, तसे पाद्रीही जात. त्यांतला एक लुईश फ्रोइश. हा लिस्बनचा. १५४८ साली कोवळ्या वयात गोव्याला आला, तिथल्या सेंट पॉल कॉलेजात शिकला आणि १५६३ साली जपानला पोचला. त्या वेळी जपानात ओदा नोबुनागा नावाचा सरदार सगळ्यांना नमवत चालला होता. १५६९ साली क्योतोत फ्रोइशने त्याची भेट घेतली, आणि नजराणा म्हणून काचेच्या सुरईत घालून कोन्फेइतो दिले. धर्मप्रसाराची परवानगी हवी होती, तेव्हा तोंड गोड करणं आलंच!

तेव्हा जपानात साखर म्हणजे औषधासारखी दुर्मिळ. त्या लोकांना हे केवढं नवल वाटलं असेल! आणखी एक गंमत. आपण पाव म्हणतो तो पोर्तुगीज शब्द, आणि जपानी लोक पावाला 'पान' म्हणतात तोही तोच शब्द. आपला साबण पोर्तुगीज, आणि तिथली मुलं साबणाचे फुगे उडवतात त्यांना 'शाबोन-दामा' म्हणतात. एकाच गलबतातून उतरलेली ही भावंडं, एक गोव्याला उतरलं, दुसरं नागासाकीला. आणि खुद्द साखर? तिचं नाव तर आपलंच. संस्कृत शर्करा अरबांकडून युरोपात गेली. पोर्तुगीज जिला 'असुकार' म्हणतात, ती आपली माहेरवाशीणच.

पोर्तुगीजांनी साखरेचे दाणे आणले, पण ते करायचे कसे हे काही सांगितलं नाही. जपानी लोकांनी ते शोधून काढलं. इहारा साइकाकु नावाच्या लेखकाचं १६८८ सालचं एक पुस्तक आहे, व्यापाऱ्यांच्या गोष्टींचं. त्यात नागासाकीच्या एका गरीब माणसाची गोष्ट येते. कोन्पेइतोचं गुपित काय, या एकाच ध्यासाने तो खपतो. शेवटी त्याला उमगतं की दाण्याच्या पोटात तीळ आहे. तीळ! बाई गं, मी लेकीला म्हटलं, हे आमच्या सासूबाईंना विचारलं असतं तर त्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. क्योतोच्या या दुकानातही पूर्वी पोटात खसखस घालत, मग तीळ आणि आता तांदळाची कणी. खसखशीचा हलवा, तिळाचा हलवा. आपल्या घरातली नावंच ना ही?

१६३९ साली जपानने पोर्तुगीजांना देशाबाहेर घालवलं. माणसं गेली, पण मिठाई राहिली आणि पुरती जपानी झाली. राजघराण्यात लग्नकार्य असलं की पाहुण्यांना चांदीची इवलीशी डबी भेट देण्याची चाल आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची. त्या डबीत कोन्पेइतो असतात. आणि भूकंपासाठी घरोघरी जी कडक बिस्किटांची डबी राखून ठेवतात, तिच्यातही हे दाणे घातलेले आढळतात. लेकीच्या घरी दाराजवळच्या पिशवीत मी ती डबी पाहिली. राजाच्या मेजवानीपासून संकटातल्या शिदोरीपर्यंत एकच दाणा!

शास्त्रज्ञांनासुद्धा याने कोड्यात टाकलंय. तोराहिको तेरादा (१८७८-१९३५) हे जपानचे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी कोन्पेइतोवर लेखच लिहिला. गोल फिरणाऱ्या दाण्यावर पाक सगळीकडून सारखा बसायला हवा, मग तो गुळगुळीत गोटी का होत नाही? काटे का फुटतात? आम्हा बायकांच्या भाषेत सांगायचं तर एकदा कुठे बारीकसा उंचवटा आला की पुढचा पाक आधी तिथेच चिकटतो, आणि उंचवटा आणखी उंच होतो. ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळतं, संसारातही तसंच!

क्योतोत अशी जुनी घराणी पुष्कळ आहेत. त्यांना शिनिसे म्हणतात. इमामिया देवळापाशी एक मोचीचं दुकान आहे. ते इ. स. १००० साली सुरू झालं असं सांगतात. भाताच्या चिकट पिठाचे अंगठ्याएवढे गोळे बांबूच्या काडीला लावून निखाऱ्यावर भाजायचे आणि वर गोडसर मिसोचं सारण ओतायचं. एवढा एकच पदार्थ. तोही त्या घरच्या लेकीसुना भाजतात. तोराया नावाची दुसरी पेढी पाच शतकांची. राजाकडे मिठाई पुरवणारी. १८६९ साली राजाने मुक्काम टोकियोला हलवला, तेव्हा तोरायाही त्याच्या पाठोपाठ टोकियोला गेली, पण क्योतोचं दुकान तिने बंद केलं नाही. १९८० साली तर तिने पॅरिसमध्ये दुकान थाटलं. एक घर देवळाच्या दारातून हललं नाही, दुसरं साता समुद्रापार गेलं. दोन्ही टिकली.

मी लेकीला विचारलं, "आणि ज्यांना मुलगा नसतो?"

"मग जावई दत्तक घेतात, आई. तो सासऱ्याचं आडनाव लावतो. जुन्या व्यापारी घरांत ही सर्रास पद्धत होती. पोटचा मुलगा नालायक निघाला तरी दुकान मुलीच्या नवऱ्याकडे द्यायचे. मुख्य गोष्ट म्हणजे दुकान चालू राहायला हवं."

मी गप्प झाले. जावयाला आडनाव बदलायला लावणं बरं की वाईट, ते राहू दे. पण त्या लोकांनी निदान प्रश्न तरी विचारला, 'यापुढे कोण करणार?' आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. आणि न विचारणारी मीच.

माझ्या सासूबाई आज ८६ वर्षांच्या आहेत. १९७२ सालच्या दुष्काळात सासऱ्यांची नोकरी सुटली होती. त्या हिवाळ्यात सासूबाईंनी हलवा करून विकला, आणि मग पुढे कितीतरी वर्षं. मार्गशीर्ष लागला की त्यांची तांब्याची परात माळ्यावरून खाली यायची. कोळशाची मंद शेगडी. परातीत भाजलेली खसखस. साखरेच्या पाकात चमचाभर दूध घालून मळी काढायची, पाक कच्च्या एकतारीचा ठेवायचा. एक चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी दाणे हलवत राहायचं. कोरडं झालं की पुन्हा चमचा. रोज दोन-तीन तास, असे चार-पाच दिवस. "घाई करशील तर दाणे एकमेकांना धरून बसतील, आच वाढवशील तर पिवळे पडतील," त्या सांगायच्या. त्याच हलव्याचे मग दागिने होत. मुकुट, बाजूबंद, तन्मणी, मंगळसूत्र, जावयाला नारळ! गावातल्या नव्या नवऱ्यांची आणि पहिलटकरणींची संक्रांत त्यांच्या दागिन्यांवाचून होत नसे. यांच्या आणि दिरांच्या शाळेची फी त्या परातीतून निघाली.

मी १९८८ साली सून म्हणून आले. शाळेत शिकवत होते. दर संक्रांतीला सासूबाई म्हणायच्या, "बैस गं दोन दिवस माझ्याजवळ. बोटांना कळतं ते. तोंडाने सांगता येत नाही." आणि मी म्हणायची, "आई, वह्या तपासायच्यात. आणि बाजारात मिळतो की हलवा, पाहिजे तेवढा." खोटं नव्हतं ते. वह्या होत्याच. पण खरं कारण वेगळं होतं. शेगडीपुढे बसून हलवा करून विकणं मला कमीपणाचं वाटायचं. शिकलेली होते ना मी!

पुढे वाडा पाडला आणि आम्ही फ्लॅटमध्ये आलो. माळा गेला. सामान कमी करायचं होतं. सासूबाई नणंदेकडे गेल्या होत्या त्या आठवड्यात मी जुनी भांडी मोडीत काढली. त्यांत ती परातही गेली. स्टीलचे डबे आले बदल्यात, वर चार पैसे. सासूबाई परत आल्या. त्यांनी ओट्याखाली पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. मग मला विचारलं, "परात?" मी सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं." आणि आत जाऊन देवापुढे दिवा लावला. त्या दिवसापासून घरात हलवा हा शब्द त्यांनी काढला नाही. दर वर्षी मी बाजारातून पाव किलो आणायची आणि त्या हात जोडून तोंडात एक दाणा टाकायच्या.

त्यांनी मला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

हे सगळं त्या परक्या गल्लीत, बाकावर बसून मी पहिल्यांदाच लेकीला सांगितलं. पलीकडून तो आवाज येतच होता, सर्रर्र... सर्रर्र...

आम्ही पांढऱ्या कोन्पेइतोच्या पुड्या घेतल्या. दुकानात चवी पुष्कळ आहेत. लिंबासारख्या युझु फळाची, पीच फळाची, हिरव्या चहाची. आंबट, तेलकट वस्तू साखरेला दाणा धरू देत नाहीत, त्यामुळे एकेक नवी चव बसवायला या घराण्याला फार खपावं लागलंय. काही चवी वर्षातून एकदाच, त्या त्या मोसमात करतात. किंमत ऐकून आणि मनातल्या मनात रुपयांत हिशेब करून मी जरा थबकले. पण वीस दिवस कढईपुढे उभं राहणाऱ्या माणसाचा विचार आला आणि मुकाट्याने पैसे मोजले. दुकानातल्या मुलीने पुडी अशी सुबक बांधली की सोडवत नव्हती.

घरी येऊन दागिने करायला बसलो, तर खरी पंचाईत पुढे होती. दाणे ओवायचे कसे? सुई लावली की दाणा फुटे. दोन-चार फोडल्यावर लेक म्हणाली, "आजीला विचारू या." तिने फोन लावला, चित्र दिसतं तसला. मिरजेत तेव्हा दुपार होती. सासूबाई पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. पणतीला पाहून हरखल्या. मग मी एक दाणा चिमटीत धरून फोनपुढे केला.

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. "कुणी केला गं?"

"इथल्या एका घराण्याने, आई. पाच पिढ्या करतात."

"काटा चांगला आलाय. पण बोटांनी केलेला नाही हा, घुसळलेला आहे," त्या म्हणाल्या.

मी थक्क झाले. सहा हजारांहून जास्त किलोमीटरवरून, एवढ्याशा चित्रात! लेकीने माहितीपत्रकातली कढई सांगितली, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

मग त्यांनी सांगितलं. दाणा ओवायचा नसतो, बांधायचा असतो. दुहेरी दोऱ्याला फास द्यायचा, दाणा फासात धरायचा, काट्यांच्या खोबणीत दोरा बसला की ओढायचा. मग गाठ. मग दुसरा दाणा. माझ्या बोटांना जमेना. त्या पलंगावर बसल्या बसल्या, रिकाम्या हवेत, थरथरत्या बोटांनी गाठ मारून दाखवत होत्या. "असं नाही, उलटं. अंगठा खाली. हां." दीड तास त्या फोनपुढे बसल्या. इतकं सलग त्या माझ्याशी कितीतरी वर्षांत बोलल्या नव्हत्या.

बाजूबंद झाले, गळ्यातलं झालं, मुकुट जरा वाकडा झाला. संक्रांतीच्या दिवशी नात तीन महिन्यांची होती. शेजारच्या जपानी आजीही आल्या. त्यांच्याकडे शंभराव्या दिवशी बाळापुढे पहिल्या जेवणाचं ताट मांडण्याचा विधी असतो, त्यामुळे आमचा सोहळा त्यांना मुळीच परका वाटला नाही. काळं झबलं आणि पांढरे दागिने पाहून त्या टाळ्या वाजवत राहिल्या आणि एका दाण्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "कोन्पेइतो!" मी म्हटलं, "हलवा!" दोघी हसलो. (एक सूचना. तान्ह्या बाळाला दागिने घातले की नजर हलवायची नाही. हे कडक दाणे तोंडात गेले तर ठसका लागतो. फोटो काढून झाला की लगेच उतरवावेत.)

मार्चात मी परत आले. सामानात कोन्पेइतोची एक पुडी सासूबाईंसाठी जपून आणली होती. त्यांनी एक दाणा तोंडात घातला, घोळवला आणि म्हणाल्या, "पोटात काय आहे? खसखस नाही." मी सांगितलं, तांदूळ. "हं," त्या म्हणाल्या. "चालेल."

त्यानंतर मी तांबट आळीत गेले. तांब्याची परात आता भलतीच महाग झालीय. घेतली. घरी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण शब्द फुटेना. त्यांनी परातीच्या काठावरून हात फिरवला, बोटाने टिचकी मारून नाद ऐकला आणि विचारलं, "कल्हई केलीस का? नाहीतर पाक कळकेल."

या मार्गशीर्षात आम्ही दोघी बसलो. शेगडी मिळाली नाही, गॅसवर जाड तवा ठेवून त्यावर परात ठेवली. पहिला घाणा गोळा होऊन बसला. दुसऱ्याला काटा आला, पण एका बाजूलाच. सासूबाईंनी तो चष्म्याशी धरून पाहिला. "आच एकीकडून लागतेय. परात फिरवत राहा. आणि मध्येच फोन घ्यायला उठू नकोस."

सून कामावरून आली की दारात उभी राहून बघते. परवा तिने चपला काढल्या, हात धुतले आणि म्हणाली, "मी हलवू का थोडा वेळ?" सासूबाई माझ्याकडे बघू लागल्या. मी उठले आणि तिला माझा पाट दिला.